रब्बी ज्वारीसाठी कोळप्याची पास : निवड आणि निगा

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. भारी काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ही ओल उडून जाते. कोळप्याची पास तण कापते, वरची माती भुसभुशीत करते आणि भेगा बुजवते. म्हणून पास योग्य प्रकारची व धारदार असावी.

कोणते कोळपे कधी?

- पेरणीनंतर 3 आठवड्यांनी फटीचे कोळपे : लहान रोपांची ओळ फटीतून सुटते, ओळीजवळचे तण निघते.
- 5 आठवड्यांनी अखंड पासेचे कोळपे : दोन ओळींमधील तण सलग कापले जाते. पास 45 सें.मी. अंतराच्या ओळींत रोपांना न लागता फिरेल एवढीच लांब असावी.
- 8 आठवड्यांनी दातेरी कोळपे : या वेळी जमीन कडक होऊन भेगाळू लागते. दाते माती फोडून भेगा भरतात.

निगा

- तण न कापता नुसते वाकत असेल किंवा पासेत अडकत असेल, तर पास बोथट झाली असे समजावे. बैलांनाही ओढ जास्त लागते.
- हंगामापूर्वी लोहाराकडून पास पाजवून घ्यावी. झिजून अरुंद झालेली किंवा वाकलेली पास बदलावी.
- पास दोन्ही बाजूंनी समपातळीत घट्ट बसवावी; तिरपी पास एका बाजूला खोल जाते.
- वाफसा असतानाच कोळपावे. ओल्या रानात पासेला माती चिकटते.
- काम संपल्यावर माती काढून पास कोरडी करावी. हंगामानंतर तेलाचा हात देऊन ठेवल्यास गंज चढत नाही.