मरायला तयार नसलेल्या पेशी

मालवण धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दहाच धरा. तेवढ्यात होडीतल्या एकेका माणसाच्या अंगात साधारण सव्वादोन अब्ज पेशी संपतात आणि जवळपास तितक्याच नव्या येतात. भारताच्या लोकसंख्येहून जास्त! दिवसाचा आकडा सुमारे 330 अब्ज, वजन मात्र जेमतेम 80 ग्रॅम. त्यात बहुतेक रक्ताच्या आणि आतड्याच्या पेशी. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा वाटा एक टक्काही नाही, आणि फुप्फुसात घोळ होतो तो तिथेच.

त्याच दहा मिनिटांत फुप्फुसांतून 50 लिटर रक्त फिरतं. वायुकोश सुमारे 48 कोटी; त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्यांत रक्त थांबतं पाऊण सेकंद. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ. म्हणून इथल्या धमनीतला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सरासरी 14च असतो. बाकी शरीरात तो 90च्या आसपास. इथे 20च्या वर गेला की दुखणं सुरू.

पेशी ठरल्याप्रमाणे स्वतःला मोडते, त्याला केर, वायली आणि करी यांनी 1972 साली ‘अपॉप्टोसिस’ म्हटलं. फुप्फुसाच्या धमन्यांच्या आजारात हे मरणच बिघडतं, तेही दोन उलट दिशांनी. प्रयोगांत दिसलं ते असं: आधी अस्तराच्या पेशी नको तितक्या मरतात, मग त्या पडझडीतून ज्या तगतात त्या इतक्या चिवट निघतात, की मरायचं नाव घेत नाहीत, नुसत्या वाढतात. भिंतीतल्या स्नायूपेशीही तशाच. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक धमन्या आतून बुजत जातात. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट! त्यातून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू दमते आणि माणसाला धाप लागते.

युरोपातल्या नोंदींत असे रुग्ण दहा लाखांत 15 ते 60. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 2011 साली 8,49,651. तोच हिशेब लावला तर अख्ख्या जिल्ह्यात तेरा ते एक्कावन्न माणसं. म्हणूनच ‘वय झाला, धाप लागतलीच’ म्हणून विषय मिटतो. पण हा आजार तरण्या बायकांनाही होतो, आणि परदेशातही निदानाला सरासरी दोन वर्षांहून जास्त जातात. पक्कं निदान उजव्या हृदयात कॅथेटर घालूनच.

जुनी औषधं मुख्यतः वाहिन्या सैल करतात. मार्च 2024मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोटाटरसेप्ट, तीन आठवड्यांतून एक इंजेक्शन, पेशींच्या वाढीचा आणि मरणाचा तोल सावरू पाहतं.