बंबामागे राहिलेले घर

सैनिकाच्या पत्नीविषयी आपल्या समाजात आदर आहे. रणांगणावर गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे दुःख आपण ओळखतो आणि प्रसंगी तिच्या दाराशी जाऊन चार शब्दही बोलतो. परंतु ज्याचे रणांगण आपल्याच शहरात, कित्येकदा आपल्याच गल्लीत असते, त्या अग्निशामक जवानाच्या गृहिणीचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. बंब घंटा वाजवीत रस्त्याने गेला की आपण क्षणभर बाजूस होतो, ‘कोठे बरे आग लागली असेल?’ असे म्हणतो आणि पुन्हा आपल्या कामास लागतो. त्या बंबावरील प्रत्येक माणसामागे एक घर राहिलेले असते. त्या घरास आधार कोण देतो, आणि कोणी द्यावयास हवा, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

हे भय केवळ कल्पनेतील नव्हे, हे मुंबईकरांस तरी सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला, तेव्हा आग विझविण्यास गेलेले जवान जहाजाच्या अगदी जवळ होते. त्या दिवशी ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो व तेथून अग्निशमन सप्ताह सुरू होतो. पुढे ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील एक जुनी इमारत आगीत कोसळली. तीत दलाचे दोन अधिकारी जागीच गेले आणि आणखी दोघे त्याच महिन्यात इस्पितळात निवर्तले. स्मारकावर नावे कोरली जातात ती पुरुषांची. पण त्या प्रत्येक नावाबरोबर एका कुटुंबाचा संसारही त्या दिवशी मोडलेला असतो.

तथापि मृत्यूचा प्रसंग सुदैवाने विरळा. नित्याचा जाच निराळाच असतो. या गृहिणीचे पंचांग इतरांच्या पंचांगाशी जुळत नाही. दिवाळी म्हणजे फटाके, आणि फटाके म्हणजे आगी. तेव्हा घरोघर अभ्यंगस्नाने चाललेली असताना तिचा पती कामावर असतो. पाडव्याची ओवाळणी तो घरी येईल त्या दिवशी, मग तिथी कोणतीही असो. दुसरा जाच मौनाचा. जळालेल्या खोलीतून एखाद्या लेकराला उचलून आणावे लागले, तर ते वर्णन कोणता बाप जेवणाच्या पाटावर करील? तो गप्प राहतो, आणि घरची मंडळी त्या गप्प राहण्यास राग समजतात. तिसरा जाच बातमीचा. पूर्वी बातमी पोहोचण्यास वेळ लागे; आता घरी मोबाइलवर धूर आधी दिसतो, खरी हकीकत मागाहून कळते. मधला तास दोन तासांचा काळ ज्या स्त्रीने काढला असेल, तिलाच त्याची लांबी ठाऊक.

अशा वेळी तिला खरी सोबत मिळते ती तिच्यासारख्याच स्त्रियांची. मुंबईत अनेक अग्निशमन केंद्रांच्या आवारातच जवानांची बिऱ्हाडे असतात. भायखळ्याचे मुख्य केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे घंटा वाजली की ती सर्वांच्याच घरी ऐकू येते. ‘कुठे गेले, केव्हा येतील’ हे तेथे कोणी कोणास समजावून सांगत बसत नाही. एकीचे मूल दुसरीकडे जेवते, तिसरी आजारी म्हाताऱ्यास औषध देते. शेजारधर्म म्हणून ज्याचा आपण गौरव करतो, तो तेथे रोजच्या गरजेतून जन्मास येतो.

पण या आधारास एक मोठी उणीव आहे. सरकारी अथवा नगरपालिकेची खोली ही नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. म्हणजे ज्या स्त्रीवर वैधव्य कोसळते, तिला पतीबरोबर कालांतराने ते आवार, त्या शेजारणी आणि मुलांचे सवंगडीही सोडावे लागण्याचा प्रसंग येतो. सोबतीची गरज सर्वांत अधिक असते, नेमकी त्याच वेळी सोबत तुटते. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

परदेशांत या उणिवेवर उपाय शोधलेले दिसतात. इंग्लंडात १९४३ साली, महायुद्ध चालू असतानाच, अग्निशामकांच्या विधवा व मुले यांच्यासाठी एक साहाय्यनिधी स्थापन झाला. तीच संस्था आज जवानांच्या शारीरिक व मानसिक उपचारांचीही व्यवस्था पाहते. अमेरिकेतील लहान गावांत स्वयंसेवक दलांच्या स्त्रियांची मंडळे असून, आग मोठी असली तर त्या जागेवर कॉफी व खाणे पोहोचवीत आल्या आहेत. तेथील काँग्रेसने १९९२ साली कामी आलेल्या अग्निशामकांच्या कुटुंबांसाठी एक प्रतिष्ठान निर्माण केले. नव्याने दुःखात पडलेल्या कुटुंबाची गाठ तशाच प्रसंगातून पूर्वी गेलेल्या कुटुंबाशी घालून देणे, हे त्याचे एक काम आहे. ही कल्पना साधी, पण फार मोलाची आहे. पैशाने भाडे भरता येते. ‘पहिले वर्ष तुम्ही कसे काढलेत?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र जिने ते काढले तीच देऊ शकते.

आता आपल्या घरांकडे वळू. एकत्र कुटुंब हा अशा स्त्रीचा मोठाच आधार आहे, यात शंका नाही. मुले एकटी पडत नाहीत, रात्री घर सुने वाटत नाही. परंतु याच घरात एक विचित्र गोष्टही घडते. सासूला मुलाची काळजी आणि सुनेला पतीची. माणूस एकच, पण दोघी आपापले भय एकमेकींपासून लपवितात. सासू देवापुढे जपमाळ ओढीत बसते, सून घासलेली भांडी पुन्हा घासते. सुनेने काही बोलण्यास तोंड उघडलेच, तर ‘अशुभ बोलू नये’ म्हणून ते मिटविले जाते. आमच्या वडीलधाऱ्या भगिनींस नम्र सूचना अशी की, भीती बोलून दाखविल्याने संकट येत नाही. ओझे मात्र निम्मे होते.

काही व्यवहाराच्या गोष्टीही घरात स्पष्ट बोलल्या पाहिजेत. भविष्यनिर्वाह निधी, विमा व निवृत्तिवेतन यांच्या कागदांवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे पत्नीस ठाऊक असावे. मोठ्या आगीच्या वेळी केंद्रातून खरी बातमी आणून सर्वांस सांगण्याचे काम एकाच जाणत्या व्यक्तीकडे सोपवावे, म्हणजे अफवांस वाव राहणार नाही. आणि आरोग्याकडेही लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या व्यवसायाची गणना निश्चित कर्करोगकारक गटात केली. तेव्हा काजळीने माखलेले कपडे घरच्या धुण्यात, विशेषतः मुलांच्या कपड्यांत, मिसळू नयेत. आणि पतीने वेळोवेळी तपासणी करून घ्यावी, याविषयी पत्नीने आग्रही राहावे.

येथवर आम्ही पत्नी म्हटले, ते केवळ बहुसंख्येवरून. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ साली पहिली विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेतला. त्यानंतर मुंबईच्या दलातही स्त्रिया दाखल झाल्या. घरी वाट पाहणारा पती आणि रात्रपाळीस निघालेली सून, हे दृश्यही आपल्या कुटुंबांनी आता आपलेसे केले पाहिजे.

शेवटी उरते ते आपले, म्हणजे ज्यांच्या घरी कोणी बंबावर जात नाही अशांचे कर्तव्य. प्रत्येक वॉर्डात महिला मंडळे आहेत, भिशी आहे, हळदीकुंकू आहे. जवळच्या अग्निशमन केंद्रातील स्त्रियांस यंदाच्या हळदीकुंकवास बोलावण्यास कोणाची हरकत आहे? आणि त्यांतील एखादीचे कुंकू दुर्दैवाने पुसले गेले, तर त्याच समारंभाचे आमंत्रण तिला पुढील वर्षीही आवर्जून जावे; नव्हे, तिने त्या वसाहतीतून बिऱ्हाड हलविले असल्यास तिचा नवा पत्ता शोधून जावे. आपल्या दारी बंब येतो, तेव्हा तो पत्ता शोधूनच येत असतो.