पद्मिनीचा गिअरबॉक्स पुन्हा जागेवर बसवताना

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट 1100 ही गाडी 1964 पासून ‘डिलाइट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने बाहेर पडत राहिली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली, आणि मुंबईत ही गाडी प्रामुख्याने हौशी मालकांपुरती उरली. तिचा हात माहीत असलेले मिस्त्री विरळ झाल्याने क्लच आणि गिअरबॉक्स बदलण्याचे काम काही मालक स्वतःच अंगावर घेतात. मात्र गिरगावात ‘घरी’ म्हणजे बहुधा चाळीच्या आवारातली उखडलेली फरसबंदी असते, त्यामुळे नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली न शिरता भक्कम घोड्यांवर तिचा भार टेकवणे ही पहिली अट ठरते.

इंजिनामागे फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, घर्षणाचे अस्तर असलेली क्लच प्लेट स्प्रिंगांच्या दाबाने चिकटून राहते आणि पेडल दाबले की सुटते. गिअरबॉक्स तिच्याकडून आलेली गती गरजेप्रमाणे कमी-अधिक करून मागच्या चाकांकडे पाठवतो. गिअर टाकताना खरखर झाली की गिअरबॉक्सच गेला असे मानण्याची घाई बरी नव्हे, कारण क्लच पूर्ण सुटत नसला तरी तीच खरखर ऐकू येते, शिवाय या गाडीच्या पहिल्या गिअरला दातांचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची सोय मुळातच नाही.

गिअरबॉक्स खाली उतरवणे हे कष्टाचे, पण सरळ काम आहे. इंजिनाचा मागचा आधार त्याच्याबरोबर सुटतो, म्हणून इंजिनाखाली लाकडी फळी घालून टेकू द्यावा लागतो, आणि जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने आतली धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी लागते. कामाचा कस लागतो तो परत बसवताना. फ्लायव्हीलवर चरे पडले असतील तर ते लेथवर घासून सपाट करून घ्यावे लागते, आणि इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती होत असेल तर ते याच वेळी बदलावे, नाहीतर नव्या अस्तरावर तेल चढून क्लच पुन्हा घसरू लागतो. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्यापूर्वी क्लच प्लेट नेमकी मध्यावर धरावी लागते. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट किंवा त्याच मापाचा लाकडी दांडा वापरतात, कारण प्लेट किंचितही सरकलेली असली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांतून पुढे इंजिनातल्या बुशमध्ये शिरत नाही. तो शिरत नाही म्हणून बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेण्याचा मोह होतो, आणि त्याने कवच तडकू शकते; अर्धवट शिरलेला गिअरबॉक्स तसाच लोंबकळत ठेवला तर त्याच्या वजनाने प्लेट वाकते, आणि सगळे काम पुन्हा खोलावे लागते.

गिअरबॉक्स बसला तरी काम संपत नाही. जुन्या पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली असल्याने तिथून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांची लांबी जुळवून चारही गिअर आणि रिव्हर्स पूर्ण पडतात का हे इंजिन बंद ठेवूनच तपासावे, गिअर ऑइल भरावे, आणि मग क्लच पेडलची मोकळी चाल लावावी, म्हणजे क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग क्लचला टेकण्याआधी पेडल सहज खाली जाते ते अंतर. चौपाटीवरून वाळकेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला असता इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे हे निश्चित समजावे. अस्तर झिजत जाते तशी मोकळी चाल कमी होते आणि ती पार नाहीशी झाल्यास बेअरिंग सतत घासून क्लच सुटा राहू लागतो, म्हणून नवी प्लेट रुळल्यावर, पहिल्या काही शे किलोमीटरनंतर, ही चाल पुन्हा मोजून जुळवावी लागते.