रेकॉर्डिंग एकदाच वाजतं

रसायनशास्त्रात एमएस्सी, दोन वर्षं प्रयोगशाळेत काम, इंग्रजी शोधनिबंध वर्तमानपत्रासारखे वाचणारी अशी एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या हातात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल होता. वाचन ८, लेखन ७, बोलणं ७, ऐकणं ६. सरासरी बरोबर ७. पण तिला हव्या असलेल्या पीएचडीची अट होती एकूण ७ आणि कुठल्याही विभागात ६.५ च्या खाली नको. "मॅडम, मला इंग्रजी येतं हो," ती म्हणाली. येतच होतं. पण ते डोळ्यांनी येत होतं.

आपल्याकडे पीएचडीसाठी कानांची परीक्षा कोणी घेत नाही. विद्यापीठाची 'पेट' ही प्रवेशपरीक्षा असते, तिच्यात निम्मा भाग संशोधनपद्धतीवर आणि निम्मा विषयावर. अमेरिकी विद्यापीठांसाठी देतात त्या जीआरईतही ऐकणं नाही. म्हणून परदेशी अर्जातला 'लिसनिंग' हा रकाना अनेकांना किरकोळ वाटतो. वाचता येतं म्हणजे ऐकून कळेलच, हा हिशेब तिथे चुकतो.

ऐकण्याची परीक्षा कशी चालते ते आयईएलटीएसच्या उदाहरणावरून पाहू, कारण ती आपल्याकडची मुलं मोठ्या संख्येनं देतात. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तिघांची ही परीक्षा १९८९ पासून या नावानं चालते. ऐकण्याचा विभाग साधारण ३० मिनिटांचा. चार भाग, प्रत्येकात १० प्रश्न, एकूण ४०. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला वजाबाकी नाही. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. कागदावर परीक्षा दिली तर शेवटी उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात. संगणकावर दिली तर तपासायला फक्त २. प्रश्न आधी समोर असतात आणि उत्तरं त्याच क्रमानं ऐकू येतात. ही मोठी सवलत आहे, पण तिचा उपयोग करायचा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

पहिला भाग म्हणजे दोन माणसांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं. कोणी खोली भाड्यानं घेतंय, कोणी वर्गाला नाव नोंदवतंय. समोर अर्धवट भरलेला अर्ज असतो आणि गाळलेल्या जागा आपण भरायच्या. इथला नेहमीचा सापळा दाखवण्यासाठी मी वर्गात एक संवाद घेते, माझाच रचलेला. अर्जावर लिहिलंय: 'आठवड्याचं भाडं — पौंड'. फोनवरची बाई म्हणते, पूर्वी एकशे पंधरा होतं, पण जानेवारीपासून एकशे तीस केलंय, आणि हो, त्यात हीटिंगचा खर्च आला. पाच-सहा जण तरी ११५ लिहितात. पहिला आकडा कानावर पडला की पेन चालतं, आणि पेन चालत असताना कान बंद होतात. परीक्षकांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून 'मंगळवारी येते... नाही नाही, मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, गुरुवारी' अशा दुरुस्त्या मुद्दाम पेरलेल्या असतात. यात फसवणूक काही नाही. खरी माणसं फोनवर अशीच बोलतात.

याच भागात नावांची स्पेलिंगं येतात, आणि गाडी अडते ती उच्चारावर. रेकॉर्डिंगमध्ये ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकी, कॅनेडियन असे सगळे आवाज असू शकतात. ऑस्ट्रेलियन माणूस इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर उच्चारतो तेव्हा आपल्या कानाला ते 'ए'पेक्षा 'आय'च्या जवळचं वाटतं. मग 'जेन'ची स्पेलिंग भलतीच होऊन बसते. फोन नंबरात शून्याला 'ओ' म्हणतात, चारचा आकडा लागोपाठ दोनदा आला की 'डबल फोर'. शेवटचं अक्षर ब्रिटिश माणसाला 'झेड', अमेरिकी माणसाला 'झी'. अशी पंधरावीस फसवी ठिकाणं आहेत. एक दुपार बसलं तर पाठ होतात.

उच्चाराची खरी अडचण मात्र पाठ करून सुटत नाही. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना आपण सगळेच अडखळतो, कारण बोलताना त्या फरकावर फारसं काही अवलंबून नसतं. 'दिन' आणि 'दीन' अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर अर्थ बदलत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घच म्हणतो. इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, आणि तिथे नुसती लांबी बदलत नाही, स्वरच बदलतो. 'व' आपल्याला एकच, इंग्रजीला दोन. 'थर्टी' आणि 'थर्टीन' यांतला फरक आपण शेवटच्या 'न'वर शोधतो, इंग्रज माणूस तो आघातावर ऐकतो: जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर की दुसऱ्यावर.

आणि सगळ्यात त्रास होतो तो शब्द चिकटण्याचा. एक गंमत सांगते. पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला 'तू काय म्हणतो आहेस' हे वाक्य येत असतं. पुण्यात उतरल्यावर त्याच्या कानावर पडतं 'काय म्हणतोयस'. 'आहे' गेला कुठे, हे त्याला कळत नाही. आपल्याला मात्र त्यात काही गेल्यासारखं वाटतच नाही. इंग्रजी ऐकताना आपण तो परदेशी माणूस असतो. 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं, 'नॉट ॲट ऑल'चं 'नॉटॅटॉल'. 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'कॅन' असे बारके शब्द तर अर्धे गिळलेलेच असतात. मराठी वाक्यात आपण बहुतेक अवयवांना सारखाच न्याय देतो. इंग्रजी वाक्यात दोन-तीन शब्दांवर जोर पडतो आणि बाकीचे त्यांच्या मध्ये चेंगरतात. त्या मुलीला शोधनिबंधातलं प्रत्येक अक्षर दिसत होतं. ऐकताना मधले शब्द सुटत होते आणि ते शोधण्यात पुढचं वाक्य निघून जात होतं.

दुसरा भाग एकाच माणसाचं बोलणं, बहुधा एखाद्या जागेची माहिती आणि कधी नकाशा. तिसऱ्यात दोन ते चार माणसं अभ्यासाविषयी बोलतात: मार्गदर्शक आणि विद्यार्थी, किंवा प्रकल्पावर काम करणारे मित्र. इथे कोण काय म्हणालं यापेक्षा शेवटी काय ठरलं ते विचारतात. एकानं सुचवलं, दुसऱ्यानं 'छान आहे, पण...' म्हणून बाजूला सारलं, की ते उत्तर नाही. इंग्रजीतला नकार फार सभ्य असतो. 'इंटरेस्टिंग' म्हणजे पसंत असं धरून चालणारे इथे गुण गमावतात, आणि पुढे गाइडच्या खोलीत त्याहून बरंच काही.

पीएचडीच्या दृष्टीनं माझ्या मते खरी परीक्षा चौथ्या भागाची. विद्यापीठातलं एक सलग व्याख्यान, १० प्रश्न, मध्ये विश्रांती नाही. समजा विषय आहे वाळवीची वारुळं. समोर टिपणांचा सांगाडा: 'पूर्वीचं मत: वारुळामुळे — स्थिर राहतं. आताचं मत: वारुळाचं मुख्य काम — यांची देवाणघेवाण.' व्याख्याता सांगायला लागतो की १९५० च्या दशकात संशोधकांना वाटलं, गरम हवा वर चढते, थंड होऊन खाली येते, म्हणजे हा एअरकंडिशनर झाला. हरारेतल्या ईस्टगेट इमारतीची कल्पनाही वारुळावरूनच आली, असं तो जाता जाता सांगतो. मग आवाज जरा बदलतो. पुढे कोणी प्रत्यक्ष मोजमापं घेतली, आणि आतलं तापमान जवळच्या जमिनीच्या तापमानामागूनच जाताना दिसलं. वारूळ श्वास घ्यायला उपयोगी पडतं, आतला शिळा वायू बाहेर आणि ताजा आत. उत्तरं 'तापमान' आणि 'वायू'.

यात काय काय तपासलं गेलं बघा. पहिलं, 'देवाणघेवाण' हा शब्द रेकॉर्डिंगमध्ये आलाच नाही, त्याचा अर्थ आला. दुसरं, ईस्टगेट इमारत ऐकायला आकर्षक, पण तिच्यावर प्रश्न नाही. तिच्या स्पेलिंगमागे लागलेला माणूस पुढचं मोजमाप चुकवतो. तिसरं, विचार कुठे वळला ते 'पण', 'प्रत्यक्षात', 'असं वाटत होतं' अशा शब्दांवरून ओळखायचं. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यास अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. इथे मनन श्रवणाच्या आतच उरकावं लागतं. म्हणून रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीचं अर्धं-पाऊण मिनिट टिपणं वाचून अंदाज बांधायला वापरायचं. पहिल्या जागी संख्या येईल की नाम? 'पूर्वीचं' आणि 'आताचं' दिसलं म्हणजे मध्ये एक वळण आहे. एवढं हेरलं की अर्धं काम झालं.

गुणांचा हिशेब असा: साधारण ४० पैकी २३ ला ६ बँड, ३० ला ७, ३५ ला ८. प्रश्नसंच थोडाफार सोपा-अवघड असतो तसे हे आकडे एखाद-दोन गुणांनी सरकतात. म्हणजे त्या मुलीचा अर्धा बँड तीन-चार उत्तरांत अडकला होता. त्यातली काही तर तिला ऐकूही आली असतील. कारण स्पेलिंग चुकलं की गुण गेला. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलं असताना तीन लिहिले, तरी गेला. अनेकवचनाचा 'एस' राहिला, तरी गेला. ब्रिटिश आणि अमेरिकी, दोन्ही स्पेलिंगं चालतात, एवढीच उदारता. ऐकण्याच्या परीक्षेत लेखनाचे गुण कापणं मला पटत नाही, पण नियम तो आहे.

दुसऱ्या परीक्षांचा घाट वेगळा. अमेरिकेत पहिल्यांदा १९६४ मध्ये झालेल्या टोफेलमध्ये संभाषण किंवा व्याख्यान ऐकून झाल्यावरच प्रश्न दिसतात, त्यामुळे टिपणं काढण्याला महत्त्व. जानेवारी २०२६ पासून तिचं रूप बदललं आहे: पहिल्या टप्प्यातल्या उत्तरांवरून पुढच्या टप्प्याची काठिण्यपातळी ठरते, आणि गुणांची १ ते ६ अशी नवी पट्टी आली आहे. पीटीईमध्ये एक वाक्य एकदाच ऐकवतात आणि ते जसंच्या तसं टंकायचं. म्हणजे शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या तेच, फक्त तपासणारं यंत्र. हे तसं जुनंच आहे. केंब्रिजनं १९१३ मध्ये परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिच्यातही अर्ध्या तासाचं श्रुतलेखन होतं. परीक्षा एकूण १२ तासांची, बसलेले उमेदवार तीन, उत्तीर्ण एकही नाही.

आयईएलटीएससारखी परीक्षा काय मोजत नाही, तेही सांगायला हवं. खऱ्या व्याख्यानात पडद्यावर आकृत्या असतात, हात वर करता येतो, शेजाऱ्याला विचारता येतं. उलट प्रयोगशाळेतल्या बैठकीत चार देशांची पाच माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, आणि त्यातला एखादा उच्चार चिनी, एखादा इटालियन असतो. स्टुडिओत नटांनी वाचलेल्या स्वच्छ रेकॉर्डिंगला त्याची सर नाही. ७ मिळाले म्हणजे पुढे सगळं कळेल असं नाही. उंबरठा ओलांडता येईल एवढंच. पूर्ण शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर काही विद्यापीठं ही परीक्षा माफही करतात. पैसे भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून विचारा.

त्या मुलीला मी सरावसंचांचा ढीग दिला नाही. संच सोडवून आपण कुठे आहोत ते कळतं, कान सुधारत नाहीत. तिला सांगितलं ते इथेही लिहिते. आपल्या विषयावरच्या एखाद्या व्याख्यानाचं लिखित रूपासह मिळणारं रेकॉर्डिंग घ्या. फक्त दोन मिनिटं. थांबवत थांबवत शब्दन् शब्द उतरवा, हवं तितक्या वेळा ऐका. मग मूळ मजकुराशी ताडून पाहा आणि सुटलेल्या शब्दांखाली रेघ मारा. रेघा रसायनशास्त्राच्या शब्दांखाली फारशा येणार नाहीत. त्या 'ऑफ', 'हॅड', 'देअर' यांच्याखाली येतील. आता तीच दोन मिनिटं मजकूर डोळ्यांसमोर ठेवून, बोलणाऱ्याच्या बरोबरीनं, त्याच्याच वेगानं मोठ्यानं म्हणा. रोज अर्धा तास, सहा आठवडे. आणि रेघा मारलेले कागद टाकू नका, तारीख घालून ठेवा.