मण्यार, विंचू आणि शरीरातल्या तारा

पेठ वडगावातून कुठल्याही वाटेनं बाहेर पडा, थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना ऊस लागतो. उसात उंदीर आले आणि उंदरांमागे साप आलेच! त्यामुळे हातकणंगले तालुक्यातल्या या भागात सापाची एकही गोष्ट ऐकलेली नाही, असं मूल सापडायचं नाही.

पण दोस्तांनो, एक गोष्ट कधी तुमच्या लक्षात आली आहे का? घोणस चावली की पाय सुजतो, ठणका लागतो. मण्यार चावली तर मात्र जखमसुद्धा धड दिसत नाही. ना सूज, ना फारशी वेदना. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते आणि पहाटे त्याच्या पापण्या जड होतात. उघडू म्हटलं तरी उघडत नाहीत. मग बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास मंदावतो.

असं का होतं? उत्तर आहे आपल्या मज्जासंस्थेत.

कचेरी आणि तारा

या संस्थेची मुख्य कचेरी म्हणजे मेंदू. त्यात सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी असतात. मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांमधून खाली जातो तो मेरुरज्जू. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून होते मध्यवर्ती मज्जासंस्था. तिच्यापासून शरीरभर तारा पसरतात, ते मज्जातंतू. मेंदूपासून त्यांच्या 12 जोड्या निघतात, तर मेरुरज्जूपासून 31.

काही तारा डोळे, कान, त्वचा यांच्याकडून खबर आत आणतात. काही आतला हुकूम स्नायूंपर्यंत पोचवतात. सर्वांत वेगवान तारांमधून निरोप सेकंदाला शंभर मीटरहूनही जास्त धावतो! उसाच्या पाचटात काटा टोचला, तर मेंदूला नीट कळण्याआधीच पाय वर उचललेला असतो. कारण हा हुकूम मेरुरज्जू परस्परच देऊन टाकतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

तार शाबूत, निरोप गायब

आता गंमत पाहा. मज्जातंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मधे अगदी बारीक फट असते. निरोप टोकाशी आला की तिथून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं. मगच स्नायू आकसतो.

मण्यारीचं विष मुख्यतः मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालतं. रसायन सुटायचंच थांबतं. नागाचं विष फटीच्या पलीकडे काम करतं. कुलपात भलतीच किल्ली अडकावी, तसं ते स्नायूवरच्या जागा अडवून बसतं. परिणाम दोन्हीकडे एकच, हुकूम पोचत नाही!

मेंदू जागा असतो. रोग्याला आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं, पण त्याला पापणीही हलवता येत नाही. हृदयाला ठोक्यांची लय आतूनच मिळते, म्हणून ते चालू राहतं. श्वासाचे स्नायू मात्र हुकमाचे ताबेदार. ते थांबले की जीव धोक्यात येतो. म्हणून डॉक्टर रोग्याला कृत्रिम श्वासावर ठेवतात.

विंचवाची उलटी तऱ्हा

लाल विंचवाचं विष नेमकं उलटं वागतं. ते निरोप अडवत नाही, थांबूच देत नाही! आणि त्याचा तडाखा बसतो स्वायत्त मज्जासंस्थेला. घाम, पचन, रक्तदाब, हृदयाची गती ही आपल्या मर्जीविना चालणारी कामं तिच्याकडे असतात. मग रोगी घामानं निथळतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि फुप्फुसांत पाणी भरू लागतं.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी आरोग्य केंद्रात काम करायचे. असे रोगी त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी बारकाईनं नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध देऊन पाहिलं. ते लागू पडलं! 1986 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल छापून आलं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरांतले तीस-चाळीस रोगी दगावत. हे उपचार वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

घड्याळाशी शर्यत

सापाच्या विषावर प्रतिविषाची लस असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती एकच चालते. पण एक लक्षात ठेवा. लस रक्तातल्या विषाला पकडते, मण्यारीनं आधीच बिघडवलेली टोकं ती दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा नीट व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणून लस जितकी लवकर, तितकं नुकसान कमी.

तेव्हा कुणाला साप चावला तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट सरकारी रुग्णालय गाठा. "दुखत नाही, म्हणजे काही झालं नाही," असं घरातलं कुणी म्हणालंच, तर त्यांना मण्यारीची ही गोष्ट सांगा. आणि हो, रात्री खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. अंधारात बाहेर पडताना बॅटरी घ्यायला विसरू नका, बरं का!