'टीसी घेऊन जा' म्हटल्यावर काय करायचं?

आज विषय शाळेतून काढून टाकण्याचा.

आपल्या नांदेड-लातूरकडं 'निलंबन' हा शब्द शाळेत फारसा ऐकू येत नाही. ऐकू येतं ते 'उद्या वडिलांना घेऊन ये', आणि वडील आले की 'टीसी घेऊन जा'. वडील रोज बुडवून खेड्यावरून आलेले. त्यांच्यापुढं कागद सरकवतात: मी स्वखुशीने पाल्याचा दाखला काढत आहे. सही झाली की विषय संपला, कारण कागदावर शाळेनं कुणाला काढलेलंच नसतं!

आता कायदा बघा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत मागं ठेवायची मुभा आली, पण काढायची बंदी कायम राहिली. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालामुळं हा कायदा लागू नाही.) तक्रार झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं लेखी द्यायची. कलम ३२ प्रमाणं ३ महिन्यांत निर्णय व्हायला हवा.

खरी अडचण नववीपासून पुढं. बारावीसाठी लातूरला खोली करून राहिलेल्या पोराला कलम १६ वाचवत नाही. तिथं उरतं एक तत्त्व: आधी ऐकून घ्या, मग शिक्षा करा. मे २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगनं एका विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून काढलं, तिचं म्हणणं न ऐकताच. मुंबई हायकोर्टानं तो आदेश स्थगित केला, तिला परीक्षेला बसू दिलं. पोस्ट बरोबर की चूक, तो मुद्दा वेगळा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तर १९७५ मध्येच, गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात सांगितलं की १० दिवसांसाठी घरी बसवायचं असलं तरी आरोप सांगा, बाजू ऐका.

पोरानं मारामारी केली असेल तर शिक्षा व्हावीच. पण आमच्या कामात सर्वर पडला तरी आधी लॉग बघतात, मग कुणाचं चुकलं ते ठरतं. इथं लेकराचं वर्ष जातं आणि लिहिलेली एक ओळ नसते.

म्हणून त्या कागदावर सही करू नका. 'सर, काय केलं ते लिहून द्या, त्याला बोलू द्या, आणि काढायचंच असेल तर तुमच्या सहीनं आदेश द्या', एवढं शांतपणे म्हणा. देत नसतील तर हेच स्वतः अर्जात लिहा, तारीख घाला, ऑफिसात पोच मागा. पोच नाकारली तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.