क्रूझवरचं जेवण आणि कपाटातला सूट

गलाईच्या धंद्यानं कडेगाव, खानापूर, आटपाडी भागातली माणसं देशभर पांगली. सोनं-चांदी आटवणारी ही मंडळी कोची, कोइमतूरपासून वाराणसीपर्यंत दुकानं मांडून बसली आहेत. त्यांच्यातली काही आता गावाकडच्या आईवडिलांना काशी-रामेश्वर झाल्यावर क्रूझचंही तिकीट काढून देतात. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून प्रवाशांना घेऊन जातं. गोवा, कोची, लक्षद्वीप ही त्याची नेहमीची ठिकाणं. तिकीट हातात पडलं की घरात पहिली चर्चा बोट लागण्याची होते आणि दुसरी कपड्यांची. बायकांचा प्रश्न साडीनं सुटतो. पुरुष मात्र ‘रात्रीच्या जेवणाला सूट लागतो म्हणे’ या एका वाक्यावर अडून बसतात. या ‘म्हणे’मध्ये खरं किती आणि ऐकीव किती, ते पाहू.

गैरसमज १ : सूट-बूट नसेल तर जेवायला बसू देत नाहीत.

वस्तुस्थिती : मोठ्या जहाजावर जेवायच्या जागा अनेक असतात. बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यावर बुफे असतो. तिथं रात्रीही साधी पँट आणि टी-शर्ट चालतो. खाली मुख्य भोजनगृह असतं, तिथं टेबलावर वाढतात. काही ठिकाणी वेगळे पैसे देऊन जेवायची खास उपाहारगृहंही असतात. कपड्यांचा नियम असतो तो त्या दालनापुरता आणि त्या संध्याकाळपुरता. नियम पाळायचा नसेल त्यानं बुफेत जावं. उपाशी कोणी राहत नाही.

मुंबई-गोवा अशा दोन-तीन रात्रींच्या फेरीला तर लोक सुट्टीच्या कपड्यांतच येतात. इस्त्रीचा कॉलरवाला शर्ट, फुल पँट आणि बंद बूट एवढ्यावर माणूस नीटनेटका दिसतो. परदेशी कंपन्यांतही वारं बदललं आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० सालापासूनच कपड्यांची आणि जेवणाच्या ठरावीक वेळेची सक्ती सैल केली. २०२१ मध्ये प्रवासी नेऊ लागलेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसनं तर सूट-टायची रात्र ठेवलीच नाही.

गैरसमज २ : जहाज म्हटलं की रोज रात्री थाटमाट.

वस्तुस्थिती : हे चित्र आपल्या डोक्यात १९९७ च्या ‘टायटॅनिक’ सिनेमानं पक्कं केलं. उसना सूट घालून जेवायला गेलेला नायक सगळ्यांना आठवतो. पण तो पहिल्या वर्गाचा, १९१२ सालचा रिवाज होता. त्याच जहाजावर तिसऱ्या वर्गातले शेकडो लोक अंगावरच्या कपड्यांत जेवत होते. पुढंही मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर पहिल्या वर्गातले साहेब जेवणासाठी कपडे बदलत. हा थाट वर्गाचा होता, जहाजाचा नव्हता.

आज ज्या कंपन्या अशी औपचारिक रात्र ठेवतात, त्यांच्याकडंही सात रात्रींच्या फेरीत ती साधारण एकदा किंवा दोनदा येते. पहिल्या रात्री तर सहसा सूट अपेक्षितच नसतो. बंदरावर मोठ्या बॅगा कर्मचारी ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून एक चांगला शर्ट हातातल्या पिशवीत असू द्यावा, म्हणजे बॅग उशिरा आली तरी अडत नाही. कुठल्या रात्री काय घालायचं, ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या ॲपवर लिहिलेलं असतं. जेवणाची वेळही त्यातच पाहावी. अनेक जहाजांवर आपल्याकडच्या लग्नासारख्या दोन पंगती असतात, पहिली सहाच्या सुमारास आणि दुसरी आठच्या पुढंमागं. दिवसभर डेकवर हिंडून पहिल्या पंगतीला बसायचं, तर कपडे बदलायला वेळ हाताशी ठेवावा लागतो.

गैरसमज ३ : मग सूटचे नियम आता कुठंच उरले नाहीत.

वस्तुस्थिती : उरले आहेत, आणि ते पाळलेही जातात. क्यूनार्ड कंपनीची ‘क्वीन मेरी २’ साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाते, तेव्हा ठरावीक संध्याकाळी तिथं ‘गाला’ रात्र असते. त्या रात्री पुरुषांकडून डिनर जॅकेट आणि बो किंवा गडद सूट आणि टाय अपेक्षित असतो. मुलगा लंडनला असेल आणि त्यानं अशा जहाजाचं तिकीट काढलं असेल, तर तयारी हवीच. त्याही रात्री साध्या कपड्यांत वावरता येईल अशा काही जागा असतात, पण मुख्य भोजनगृहात तेवढी सवलत मिळत नाही.

गैरसमज ४ : परदेशी जहाजावर आपले कपडे चालत नाहीत.

वस्तुस्थिती : क्यूनार्डसारखी काटेकोर कंपनीसुद्धा गाला रात्री सूटऐवजी राष्ट्रीय पोशाख मान्य करते. बंद गळ्याचा कोट, म्हणजे आपल्याकडं लग्नात घालतात तो जोधपुरी, जगभर औपचारिक पोशाख म्हणून ओळखला जातो. आपले परराष्ट्र सेवेतले अधिकारी समारंभात तोच घालतात. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री होते. बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी, असे त्यांचे फोटो घरोघर पाहिलेले आहेत. बकिंगहॅम राजवाड्यात तर गांधीजी नोव्हेंबर १९३१ मध्ये पंचा आणि शाल पांघरूनच पंचम जॉर्जना भेटले होते.

नेहरू शर्ट, चुडीदार आणि वर जाकीट हा बेतही उत्तम. स्वच्छ धोतर नेसलेल्या आजोबांना त्यासाठी सूट शिवायची गरज नाही. फक्त उघड्या डेकवर वारा जोराचा असतो, तिथं कासोटा घट्ट हवा. भोजनगृहात टोपी काढायला सांगतात ती खेळाडूंची, पुढं झाप असलेली. फेट्याला कोणी हात लावायला सांगत नाही. उलट लोक फोटो काढायला मागं लागतात.

गैरसमज ५ : पैसे भरलेत, सुट्टीवर आलोय, काहीही घातलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : ही दुसरी टोकाची समजूत जास्त फजिती करते. मुख्य भोजनगृहात बनियनसारखे बिनबाह्यांचे शर्ट, पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय जवळपास कुठंच चालत नाहीत. हाफ पँटबाबत कंपनीगणिक नियम वेगळा; काही ठिकाणी दुपारी चालते आणि रात्री नाही. रबरी स्लिपर पोहण्याच्या तलावापुरती ठेवावी. कोल्हापुरी चप्पल नेहरू शर्टाखाली शोभते, पण औपचारिक रात्री पायात बंद बूट किंवा मोजडी असलेली बरी. शिवाय भोजनगृहात एसी चांगलाच गार असतो. पातळ टी-शर्टवर कुडकुडत बसण्यापेक्षा जाकीट अंगावर असलेलं बरं.

गैरसमज ६ : नवा सूट शिवू आणि सोबत इस्त्री नेऊ.

वस्तुस्थिती : आग लागण्याच्या भीतीनं बहुतेक जहाजांवर प्रवाशांना खोलीत इस्त्री वापरू देत नाहीत. तपासणीत सापडली तर काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. काही जहाजांवर कपडे धुण्याच्या खोलीत इस्त्री असते, नाहीतर पैसे देऊन कपडे इस्त्री करून मिळतात. त्यामुळं न चुरगळणारं कापड निवडावं. कोट नेताना तो उलटा करून, खांद्यात खांदा घालून, मध्ये टॉवेल ठेवून घडी घालावी आणि खोलीत पोचल्या पोचल्या हँगरला लावावा.

सूटसाठी बाजारात जायचीही गरज नाही. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत लग्नाच्या रिसेप्शनचा एक सूट कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात लटकलेला असतोच. तो महिनाभर आधी बाहेर काढून उन्हात टाकावा आणि घालून बघावा. कोटाचं बटण लागत नसेल तर उघडा ठेवता येतो, पँट मात्र कमरेला उसवून घ्यावी लागते. तेवढं काम गावातला टेलर करून देतो. कपाटात काहीच नसेल, तर लग्नाचा जोधपुरी भाड्यानं आणावा.

मग बॅगेत काय भरावं?

तीन रात्रींच्या देशी फेरीसाठी दोन फुल पँट, तीन कॉलरचे शर्ट, एक नेहरू शर्ट-जाकिटाचा जोड, काळे बूट आणि मोजे पुरतात. आठवड्याच्या परदेशी फेरीला त्यात एक सूट किंवा जोधपुरी घाला. एक खबरदारी शेवटच्या रात्रीची. त्या रात्री अनेक जहाजांवर मोठ्या बॅगा झोपण्याआधी खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी उतरताना घालायचा जोड आधीच बाजूला काढला नाही, तर रात्रीच्या कपड्यांत बंदरावर उतरायची पाळी येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नातेवाइकांचं ऐकून बॅग भरू नका. कंपनी बदलली की नियम बदलतो. तिकिटावरचं जहाजाचं नाव पाहा, त्या कंपनीचं कपड्यांचं पान मुलाला नाहीतर नातवाला मोबाइलवर उघडायला सांगा आणि मगच कपाटाला हात घाला. नव्या सूटचे वाचलेले पैसे उतरल्यावर बंदरावर फिरायला कामाला येतील.